गल्लीच्या तोंडापर्यंत येणारी गाडी

१

साखळी जागेवर होती. कुलूपही लागलेलं होतं. खांबाभोवती साखळीचे दोन वेढे तसेच पडले होते, आणि जिथे गाडीचं मागचं चाक असायला हवं तिथे नुसती फरशी होती.

ईश्वरी सबनीस उकिडवी बसून ते कुलूप बघत राहिली. विमा कंपन्यांसाठी चोरीचे दावे तपासायला लागून तिला पंधरा वर्षं झाली होती. कटरने तोडलेल्या साखळ्या तिने पाहिल्या होत्या, दगडाने फोडलेली कुलपं पाहिली होती. गाडी नेल्यावर कुलूप परत लावून जाणारा चोर तिने पाहिला नव्हता.

घणसोली गावातलं मढवींचं घर चार मजल्यांचं. तळमजल्यावर मढवी स्वतः, वर भाडेकरूंच्या खोल्या. तळमजला रस्त्यापासून दहा-बारा पायऱ्या उंच, आणि त्या जिन्याखाली बोळासारखी जागा. तिथे हरेशची इलेक्ट्रिक गाडी उभी असायची. हरेश हा गोटीराम मढवींचा एकुलता मुलगा. एकोणतीस वर्षांचा. महापेच्या कंपनीत कामाला होता आणि तिथल्याच कँटीनमध्ये छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून गाडी बोळात होती. तो गेल्यावर ऐंशीव्या दिवशी तीही गेली.

फाइलमधल्या एका तारखेखाली ईश्वरीने पेन्सिलने रेघ मारली होती. मालक वारला की त्याच्या गाडीचा विमा वारसांसाठी तीन महिनेच चालू राहतो. दावा आला होता अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी. एवढा मोजूनमापून दिवस साधणाऱ्या माणसाबद्दल तिच्या मनात शंका येणारच होती.

“चाव्या?” तिने विचारलं.

गोटीरामनी दोन्ही चाव्या तिच्या हातावर ठेवल्या. “ही हरेशच्या फोटोखाली खिळ्याला असते. दुसरी माज्या कपाटान. साखळीची पन तितंच.” सत्तरीला आलेला धिप्पाड माणूस, पण आवाज असा की जणू पुढच्या खोलीत कुणी झोपलंय. “मॅडम, गाडी चोरीला गेली का नाय, ह्येच मना कळत नाय.”

“म्हणजे?”

“तुमी माज्यासंगती तळ्यावर चला. दोन वाजत आलेत.”

गावच्या तळ्याकाठी पारावर गोटीराम रोज दुपारी पत्ते खेळायला बसत. आज पत्ते काढले नाहीत. त्यांनी खिशातून हरेशचा मोबाईल काढला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. गाडीचं ॲप त्यात उघडलेलं होतं. नकाशावर एक निळा ठिपका, मढवींच्या घरावर.

“पोलीस बोलले, ॲप अडकलंय, शेवटची जागा दाखवतंय.”

दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाईल वाजला. पडद्यावर अक्षरं आली : तुमचं वाहन हलत आहे.

ठिपका सरकला. हळूहळू, माणसाच्या चालीने, घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. दुपारचं ऊन तळ्यावर पडलं होतं. 

“रोज येते,” गोटीराम म्हणाले. “येते, उभी राहते, परत जाते. हरेशची पयली शिफ्ट असली का तो याच टायमाला घरी यायचा.”

ईश्वरी उठली आणि जवळजवळ धावतच निघाली. तळ्यापासून गल्ली पाच मिनिटांवर. मागून गोटीराम धापा टाकत येत होते. ती पोचली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक मांजर सोडून कुणी नव्हतं. तिने मोबाईल पाहिला. ठिपका परत घरात गेला होता.

मढवींच्या दारात हरेशची आई, काशी, उंबऱ्यावर बसली होती. पदराने मान पुसत होती. गाडी तिच्यासमोरून गेली का, असं विचारल्यावर तिने नकारार्थी मान हलवली आणि आत निघून गेली. जाताना तिने दाराची चौकट धरली, तेव्हा तिच्या उजव्या तळव्यावर आडवा लाल वळ ईश्वरीला दिसला.

२

गोटीरामनी पोलिसांना एकच नाव दिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, निशांत गुरव. मूळचा बार्शीचा, हरेशच्याच कंपनीत, आणि त्याच्याकडेही तसलीच गाडी. हरेश गेल्यावर कंपनीच्या पार्किंगमध्ये पडलेली गाडी घरी आणून देणाराही तोच.

निशांत नुकताच कामावरून आला होता. जिन्याच्या पायथ्याशी गाडी लावून त्याने पाय ठेवायच्या जागेखालचं झाकण उघडलं, आतून बॅटरी ओढून काढली आणि हँडलने उचलून वर निघाला. ईश्वरी त्याच्या मागून चढली.

“जड आहे?”

“बारा किलो. खाली प्लग नाही ना, रोज वर आणावी लागते.” खोलीत पोचल्यावर त्याने हात झटकला. तळव्यावर हँडलचा ठसा उमटला होता. खिशातला मोबाईल वाजला, तो त्याने न बघताच बंद केला. “हे एक डोकं खातं. गाडी हलतेय, गाडी हलतेय. गाडी खाली उभी आहे बाबा.”

त्याने तिला बसायला एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

“मला दोनदा चौकीवर बोलावलं,” तो म्हणाला. “कंपनीत पण फोन केला. मढवीकाकांनी रविवारपर्यंत खोली खाली करायला सांगितलीय. मी हरेशची गाडी कशाला चोरीन मॅडम? आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतल्या. हँडल लॉक असतं, साखळी असते. दोन्ही चाव्या त्यांच्या घरात. मी घरात शिरून, चाव्या घेऊन, गाडी नेऊन, चाव्या परत ठेवून आलो का?”

“हरेशची बायको कुठे असते?”

“उन्नतीवहिनी? त्या माहेरी, उरणजवळ मोऱ्याला. गाडी गेली त्याच्या दोन दिवस आधीच गेल्या.” त्याने आवाज खाली आणला. “काका मोठ्याने बोलले होते. आख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं. जायचं तर अंगावरच्या कपड्यांनी जा, या घरातली एक वस्तू बाहेर जायची नाही.”

ईश्वरी वही मिटून उठली. निशांत दारापर्यंत आला. “तुमच्या रिपोर्टमध्ये माझं नाव येणार का?”

ती उंबरठ्यावरच थांबली.

सहा वर्षांपूर्वी नेरूळच्या एका सोसायटीत तिने असाच एक रिपोर्ट लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं : वॉचमनचा संबंध नाकारता येत नाही. वॉचमनचं नाव हौसेराव. त्या एका वाक्यावर सोसायटीने त्याला काढून टाकलं. चार महिन्यांनी ती गाडी पनवेलला मालकाच्या सख्ख्या पुतण्याकडे सापडली. ईश्वरी तुर्भ्याला हौसेरावची खोली शोधत गेली, तर दाराला कुलूप. तो गावी गेला आणि तिथेच वारला, असं शेजारीण म्हणाली. तेव्हापासून कुठल्याही पार्किंगमध्ये शिरताना तिला आधी खाकी शर्ट दिसायचा. खांबाआड कुणी उभं आहे असं वाटायचं. जवळ जाऊन बघितल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे, आणि तिथे कधीच कुणी नसायचं.

“मला दोन दिवस द्या,” ती निशांतला म्हणाली.

खाली उतरल्यावर तिने बोळात पुन्हा एकदा नीट पाहिलं. भिंतीच्या कडेला, झाडूला न सापडलेल्या जागी, पांढरे दाणे अडकले होते. तिने ते बोटांनी चुरडून पाहिले. थर्माकोल. हाताला मासळीचा वास आला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा काशी एकटीच होती. तांदूळ निवडत होती. समोरच्या भिंतीवर हरेशचा फोटो, खाली खिळा, खिळ्याला चावी. खरं तर या घरात कुणीही हात पुढे करून ती घेऊ शकत होतं. पण त्यासाठी आधी या घरात असायला हवं होतं.

“गाडी कोणी चालवत नव्हतं ना, हरेश गेल्यावर?”

“कोन चालवनार? ह्ये हात लावू देत नसत.”

“मग इतके दिवस बंद पडलेली गाडी. चार्जिंग संपलं असेल.”

“संपल कसा?” काशीने मान वर केली. “रोज दुपारी लावते मी. उपाशी कशी ठेवायची?”

ईश्वरीने पेन खाली ठेवलं. काशी पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

लावते, असं ती म्हणाली होती. लावायची, असं नाही. गाडी जाऊन पंधरा दिवस झाले होते.

तेवढ्यात गोटीराम आले. ईश्वरीने त्यांना ओट्यावर नेलं आणि तो प्रश्न विचारला जो तिला फाइल हातात आल्यापासून छळत होता. “काका, गाडी ऐंशीव्या दिवशी गेली. क्लेम टाकायला आणखी आठ दिवस का लावले? आणि तीन महिने संपायच्या बरोबर दोन दिवस आधी टाकला.”

गोटीराम ओट्याच्या कडेला टेकले. “पोलीस फिरकंनात. रोज चौकीवर जायचो. एक दिवस गाडीच्या शोरूमवाल्याला भेटलो. तो बोलला, तीन महिने व्हायच्या आत क्लेम टाका, मंग कंपनी तपासाला मानूस धाडते.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “मना पैशे नकोत, मॅडम. मना मानूस पायजे होता. शोधनारा.”

ईश्वरीने फाइलमधली ती पेन्सिलची रेघ मनातल्या मनात पुसून टाकली.

“उन्नतीच्या माहेरी काय धंदा आहे?”

“मासळीचा. भाऊ टेम्पो घेऊन येतो घनसोलीच्या मार्केटला.” गोटीरामच्या कपाळावर आठी पडली. “का?”

“सहजच,” ती म्हणाली आणि मोऱ्याला जायला निघाली.

४

मोऱ्याच्या बंदरावर ओहोटी होती. होड्या चिखलात कलल्या होत्या. उन्नतीचं घर विचारत विचारत ईश्वरी एका पत्र्याच्या शेडपाशी आली. आत थर्माकोलच्या पेट्यांची चळत, आणि चळतीमागे, जुनी साडी पांघरलेली एक गाडी.

तिने साडी बाजूला केली. नंबर तोच होता. पाय ठेवायच्या जागेखालचं झाकण उघडून पाहिलं. आत रिकामी चौकोनी पोकळी.

“मी चोरली नाही.”

मागे सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी उभी होती. गळा मोकळा, हातात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा पांढरा डगला. 

“माहीत आहे,” ईश्वरी म्हणाली. “हँडल लॉक उघडायला चावी लागली, साखळीलाही लागली, आणि दोन्ही चाव्या परत जागेवर गेल्या. तुम्ही तर दोन दिवस आधीच बाहेर पडला होतात. तेव्हा गाडी कुणीतरी आतून काढून दिली. आणि काढून दिल्यावर, हाताला सवय म्हणून, साखळीला कुलूप लावलं. बाहेरचा माणूस असं करत नाही. घर सांभाळणारी बाई करते.”

उन्नती पेट्यांच्या कडेला बसली.

“मला उरणला नोकरी लागली. सकाळी सातची ड्युटी. इथून रिक्षा मिळत नाही त्या वेळेला. आईंना फोनवर सहज बोलले. त्या म्हणाल्या, भावाला दुपारी पाठव, हे तळ्यावर असतात.” तिने डगल्याची घडी पुन्हा घातली. “भावाने गाडी टेम्पोत चढवली तेव्हा बॅटरी वर घरात चार्जिंगला होती. आई म्हणाल्या, उद्या देते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. तो रोज मार्केट आटपून गल्लीच्या तोंडाशी थांबतो. त्या बॅटरी घेऊन येतात. मिनिटभर उभ्या राहतात. मग म्हणतात, उद्या. आणि परत घेऊन जातात.”

बाहेर कुठेतरी इंजिन सुरू करायचा प्रयत्न चालला होता, ते लागत नव्हतं.

“तुम्ही चिडला नाहीत?”

“चिडले. पहिले चार दिवस.” उन्नती म्हणाली. “मग भावाने सांगितलं, त्या कशा उभ्या राहतात ते.”

“तुमच्या सासऱ्यांनी निशांतवर तक्रार केलीय. रविवारी त्याला घराबाहेर काढणार आहेत.”

उन्नतीचा चेहरा पडला. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

५

त्याच संध्याकाळी ईश्वरी काशीकडे गेली. स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे गोणपाट होतं. तिने ते उचललं नाही, नुसतं तिकडे पाहिलं. काशी समजली.

“जागा कळवणारं सिम बॅटरीतच असतं, काकी. निशांतच्या मोबाईलवर पाहिलं मी, बॅटरी वर नेली की गाडी हलल्याचं ॲप कळवतं. तुम्ही ती उचलता, तेव्हा हरेशचा फोन वाजतो. काकांना वाटतं, तो येतोय.”

काशी खाली बसली. नवऱ्याला असं वाटत असेल हे तिच्या गावीही नव्हतं. ती तळ्यावर कधी जात नसे, आणि तो घरात त्या फोनबद्दल कधी बोलला नव्हता.

“मी द्यायलाच नेते,” ती म्हणाली. “रोज देवाची शपथ घेऊन नेते. पन तो टेम्पो नेमका त्याच टायमाला येतो. माजा पोर घरी यायचा तो टाइम. त्या टायमाला त्याला घराबाहेर कसा काढू?”

ईश्वरी तिच्याशेजारी फरशीवर बसली.  “त्या वरच्या पोराचं काय?” तिने विचारलं.

काशीने डोळे पुसले. “मना वाटला, चार दिवसान पोलीस सोडून देतील. मी तोंड उघडला असता तर ह्यांनी सुनेला चोर ठरवला असता.” मग पदर सावरून, “उद्या ह्यांना घेऊन या. दोनला.”

दुसऱ्या दिवशी पारावर ईश्वरीने गोटीरामना सगळं सांगितलं. साखळी, चाव्या, थर्माकोलचे दाणे, काशीच्या हातावरचा वळ, तिच्या तोंडून निघालेलं ‘लावते’. गोटीराम ऐकत राहिले. सून आणि बायकोचं नाव आलं तेव्हा त्यांच्या मुठी वळल्या.

“म्हंजे चोरीच जाली. माज्या घरातली वस्तू माज्या पाठीमागं नेली.”

“गाडी कुणाच्या नावावर होती?”

“हरेशच्या.”

“हरेशनं मृत्युपत्र केलं नव्हतं. मूलबाळ नाही. अशा माणसाच्या मागे त्याच्या वस्तू बायकोच्या आणि आईच्या होतात, काका. दोघींच्या, सारख्या. एका मालकिणीने दुसरीला गाडी दिली. कायद्याने चोरी झालेलीच नाही.”

“आनि बाप?”

“बाप त्यांच्यानंतर.”

गोटीराम तळ्याकडे बघत बसले. ईश्वरीला वाटलं होतं ते ओरडतील. ते फक्त म्हणाले, “माजा त्यात कायच नाय.”

मोबाईल वाजला. त्यांनी तो उचलला नाही. उठून घराकडे चालू लागले.

काशी आज वाट बघत दारातच थांबली होती, आता कुठे जिन्यावरून उतरत होती. एका हातात बॅटरी, दुसरा हात भिंतीला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली नवरा उभा दिसल्यावर ती तिथेच थांबली. गोटीराम चार पायऱ्या चढले आणि त्यांनी हात पुढे केला.

“आन इकडं. पडशील.”

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. आज पुढच्या सीटवर उन्नती होती. ती उतरली, पण जवळ आली नाही. गोटीरामनी बॅटरी टेम्पोच्या फळीवर ठेवली. ठेवली, पण हँडलवरची मूठ सुटेना. भाऊ अवघडून दुसरीकडे बघू लागला. काशीने नवऱ्याचं एकेक बोट धरून सोडवलं, लहान पोराच्या मुठीतून खडा काढावा तसं.

“बाबा,” उन्नती म्हणाली, “मला अजून नीट चालवता येत नाही. त्यांनी शिकवायला घेतलं होतं. वळणावर अजून भीती वाटते.”

गोटीरामनी मान हलवली.  मग वळले आणि घराकडे निघाले. ईश्वरी मागोमाग गेली. कालच तिने रिपोर्ट लिहून ठेवला होता : चोरी झालेली नाही, दावा निकाली काढावा. त्याखाली, कुणी न विचारलेलं एक वाक्य तिने जोडलं होतं, की निशांत गुरव यांचा या प्रकरणाशी कसलाही संबंध नाही. त्या कागदाची एक प्रत तिच्या पिशवीत होती, पोलिसांसाठी.

गोटीराम स्वतःच्या दाराशी थांबले नाहीत. कठडा धरत, मजल्यामजल्यावर दम घेत, तिसऱ्या मजल्यावर पोचले. निशांतचं दार उघडंच होतं. भांडी आणि कपडे पोत्यात भरून झाले होते. तो दचकून उभा राहिला.

“रविवारी मोकळा हाईस का?” गोटीरामनी विचारलं.

“रविवारी मला खोली सोडायचीय, काका.”

“ती नको सोडूस.” त्यांना धाप लागली होती. “मोऱ्याला जायचंय. माज्या सुनेला गाडी शिकवायची. तुजी नि तिची गाडी एकसारखी. मना ती चालवता येत नाय.”

निशांतने ईश्वरीकडे पाहिलं, मग पुन्हा गोटीरामकडे. त्याने विचारलं, “आणि चौकीवर?”

“आत्ता जातो. माजी तक्रार खोटी व्हती म्हनून लिहून देतो.” गोटीरामनी चौकटीला हात टेकला. “तू चल संगती. तुज्यासमोरच लिहीन.”

निशांतने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या चपला पोत्यात गेल्या होत्या. तो खाली बसला आणि पोत्याची गाठ सोडू लागला.